जुनी पद्मिनी, परक्या गाड्यांचे पार्ट आणि चुकणारा क्रम

घरी जुनी गाडी उभी करायला घेतली की पहिली खरेदी बहुतेक सीटची होते, नाहीतर अलॉय व्हीलची. ब्रेकची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि तोवर पैसे संपलेले असतात. गोव्यात डिचोलीच्या आसपास अशा तीन गाड्या माझ्या पाहण्यात आहेत. रंग नवा, आत झेनच्या सीट, आणि मागच्या चाकाला चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) लावलेला, कारण ब्रेक लागत नाही. हत्यारं तिन्ही मालकांकडे चांगली होती.

पुढचं सगळं, म्हणजे परक्या गाड्यांचे पार्ट लावून जुनी गाडी उभी करायचा क्रम, प्रीमियर पद्मिनी समोर ठेवून लिहिलं आहे: १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. ॲम्बॅसिडर किंवा जुनी मारुती ८०० असेल तर मापं बदलतील, क्रम हाच राहील.

वेळेचं आधी ठरवा. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, पाऊस ओसरला की सुरुवात करा आणि पत्रा-रंगाचं काम मृगाच्या आत संपवा. पावसाळ्यात टेबलावरची कामं घ्या: कार्ब्युरेटर, वायपर मोटर, वायरिंगचा जुडगा.

## १. कागद

आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. जीडी मालिकेच्या जुन्या नंबरांच्या गाड्या बऱ्याच हातांतून फिरलेल्या असतात आणि मधल्या कुणीतरी इंजिन बदलून कागदावर चढवलेलंच नसतं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते थकलं असेल तर त्याचा खर्च आधी विचारून घ्या. काही गाड्यांचा हिशेब इथेच संपतो आणि तो इथे संपलेला बरा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून इंजिन बदलणं, चासी कापणं, छत उडवणं यातलं काही या लेखात नाही. ब्रेक, चाकं, सीट यांतलं काय चालेल ते कामाआधी आरटीओतल्या निरीक्षकाला विचारा. विमा कंपनीलाही कळवा. रंग बदलणार असाल तर तो आरसीवर चढवावा लागतो.

थांबा: गाडी ५० वर्षांपुढची असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीला परका पार्ट लावू नका. शोधा, वाट पाहा, पण लावू नका.

चासी नंबरावर पेन्सिल घासून त्याचा ठसा कागदावर घ्या. पुढे डेंटर त्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) फासणारच आहे.

## २. जागा, आणि चिऱ्याचा मोह

घराच्या कडेला चिऱ्यांचा ढीग असतोच. जॅकने गाडी उचलली की खाली दोन चिरे सरकवायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. भिंतीत चिरा भार घेतो, कारण तो सगळीकडून सारखा दाबला जातो. ॲक्सलखाली त्याच्या एका कडेवर भार येतो आणि तो काही न सांगता फुटतो. शेजारच्या अंगणात मी हे पाहिलं आहे. चिरा भाकरीसारखा मधून दुभंगला आणि गाडी डाव्या अंगाने खाली बसली. खाली झोपलेला माणूस पाच मिनिटांपूर्वी चहाला उठला होता.

लोखंडी स्टँड घ्या, चार घ्या. अंगण मातीचं किंवा शेणाने सारवलेलं असेल तर स्टँडखाली जाड प्लायवुडचे तुकडे ठेवा, नाहीतर पाय रुततात. स्टँड लावल्यावर गाडीला कंबरेने जोरात धक्का द्या. हलली तर पुन्हा लावा. माडाखाली काम मांडू नका, हे गोव्यात सांगायला लागू नये, पण लागतं.

## ३. वही

मोबाइलवर फोटो काढाच, पण वही वेगळी ठेवा. फोटोत पार्ट दिसतो, तो कुठल्या गाडीचा हे दिसत नाही. प्रत्येक परक्या पार्टाला एक ओळ: कुठल्या मॉडेलचा, साधारण कुठल्या वर्षाचा, कुठून घेतला, लावताना काय बदललं. दोन वर्षांनी ब्रेकचा वॉशर किट लागेल तेव्हा दुकानदार विचारेल, ‘गाडी कुठली?’ तुम्ही पद्मिनी म्हणालात तर तो पद्मिनीचा देईल आणि तो बसणार नाही.

इथेच एक नियम स्वतःला घालून घ्या: एका सिस्टिमला एकच दाता. ज्या गाडीचा पार्ट काढला ती दाता. ब्रेकला ८०० चा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) घेतला तर मास्टर सिलिंडरही (पेडलच्या जोराने चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा) ८०० चाच. ओम्नीचा एक, झेनचा दुसरा, भंगारात सापडला म्हणून तिसरा, असं केलं की प्रत्येक पार्ट चांगला असूनही ब्रेक वाईट लागतो आणि दोष कुणाचा ते सापडत नाही. दाताही असा निवडा की ज्याचे पार्ट म्हापशात किंवा फोंड्यात काउंटरवर मिळतील. दुर्मीळ गाडीला दुसऱ्या दुर्मीळ गाडीचा पार्ट लावून काही साधत नाही.

## ४. खरेदी

बेळगावच्या भंगारात जा किंवा मुंबईला कुर्ल्याला, जुना पार्ट सोबत न्या. मी पहिल्यांदा नुसतं माप कागदावर लिहून चोर्ला घाट चढलो. दुकानदाराने पार्ट हातात ठेवला आणि म्हणाला, ‘बसता रे, घे.’ घरी येऊन पाहिलं तर बसत होता खरंच. दोन्ही बोल्ट अगदी बरोबर. फक्त पुशरॉड (पेडलचा जोर पुढे पोचवणारा दांडा) बोटभर लांब होता. पुन्हा घाट, पुन्हा पेट्रोल.

दुकानात उभ्या उभ्या एवढं पाहा:

- बोल्टांच्या भोकांमधलं अंतर, मध्य ते मध्य, व्हर्नियरने.
- आटे. १० मिमीच्या बोल्टालाही १.२५ आणि १.५ मिमी असे दोन पिच (दोन आट्यांमधलं अंतर) येतात. बोल्ट हाताने पूर्ण आत गेला पाहिजे. दोन आटे जाऊन अडला तर तो तुमचा नाही, पाना लावू नका.
- फिरणारा पार्ट असेल तर पुलीची खाच. जुन्या गाडीचा पट्टा व्ही आकाराचा. बारीक रेघांच्या पट्ट्याची पुली आली तर ती बदलावी लागेल.
- चालू असताना पार्ट किती हलेल, तापेल, कशाला घासेल. दुकानात हे दिसत नाही, म्हणून विचार करावा लागतो.

बिल घ्या, कच्चं का होईना, आणि दात्या गाडीचा नंबर त्यावर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स तुमच्या अंगणात सापडला तर समजावत बसायची पाळी तुमची.

## ५. पत्रा

यांत्रिक कामाआधी पत्रा, कारण बूस्टर, सीट, सीट बेल्ट हे सगळं शेवटी पत्र्यालाच लागतं. सडलेल्या पत्र्याला चांगला पार्ट लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला नवं कुलूप.

खारा वारा आणि पाऊस गाडी खालून खातात. खाणपट्ट्यातल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट होते: लाल माती दाराच्या तळातली पाणी जायची भोकं बुजवते, पाणी आत साचतं आणि दार आतून सडतं. जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारांचे तळ, दाराखालचे सिल, बॅटरीखालचा ट्रे, पायाखालचा फ्लोअर आणि पाट्यांचे टेकू टोचून पाहा. आवाज टणक यायला हवा. जिथे लोहचुंबक धरत नाही तिथे खाली पत्रा नाही, लांबी आहे.

क्रम असा:

1. बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी पूर्ण काढून लांब ठेवा. मग वेल्डिंगवाल्याला बोलवा.
2. सिल कापायचे असतील तर आधी दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका अँगल टाका. एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही कापल्या की गाडी मधून वाकते आणि दारं लागत नाहीत.
3. फ्लोअरला १८ गेजचा, बाहेरच्या अंगाला २० गेजचा पत्रा. सीओटू वेल्डिंग करून घ्या, गॅसने पातळ पत्रा लाटेसारखा होतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरलात तर जोडाजवळचं जस्त घासून काढा, त्याचा धूर बाधतो.
4. प्रत्येक जोडानंतर दार लावून पाहा.
5. एपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी. उघडा पत्रा इथे एका रात्रीत तांबूस होतो. लांबी २-३ मिमीपेक्षा जाड नको. ती पाणी पिते, म्हणून उघडी ठेवून पावसाची वाट पाहू नका.

सावधान: पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करू नका. पाण्याने धुतली, महिनाभर उन्हात ठेवली, तरीही नाही. आतली वाफ जात नाही.

## ६. ब्रेक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबतो.

जुने ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने ओली करून फडक्याने पुसा.

बूस्टर लावायचा तो फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर), आणि पहिली चूक तिथेच होते. पातळ पट्टीचा ब्रॅकेट करून बूस्टर टांगतात. घरातल्या कुणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटमधून बूस्टरकडे बघत राहा. बूस्टर पत्र्यासकट पुढे झुकताना दिसला तर पायाचा जोर पत्रा वाकवण्यात चाललाय. मागून निदान ३ मिमीची प्लेट टाका.

दुसरी चूक मास्टर सिलिंडरच्या बोअरची, म्हणजे आतल्या व्यासाची. बोअर मोठा झाला तर पेडल कडक होतं आणि जोर जास्त लागतो. लहान झाला तर पेडल खोल जातं. दोन्ही मापं सिलिंडरवर ओतीव अक्षरांत असतात. चाकांकडचे सिलिंडर पद्मिनीचेच ठेवणार असाल तर नवा बोअर जुन्याच्या जवळचाच हवा. जुना मास्टर एकाच सर्किटचा असेल तर दोन सर्किटचा घ्या. एक पाइप फुटला तरी दोन चाकांना ब्रेक उरतो. माझ्या मते परका पार्ट लावण्याचं हे सगळ्यात चांगलं कारण आहे. पुढे डिस्क करणार असाल तर ड्रमच्या मास्टरमध्ये थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो, तो डिस्कला चालत नाही. पॅड घासत राहतात.

तिसरी चूक माझी स्वतःची. पुशरॉड लांब राहिला तर पेडल सोडल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीकडे तेल परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि गाडी तापली की चारही चाकं हळूहळू आवळतात. मला वाटलं क्लच घसरतोय. साखळी गावाच्या चढावर गाडी थांबवून ड्रमजवळ हात नेला तेव्हा कळलं. पेडलला सुरुवातीला ३ ते ५ मिमी मोकळी चाल हवी. नसेल तर रॉड कमी करा.

पाइप जोडताना टोकाचा आकार पाहा. दुमडलेलं टोक आणि फुगवलेलं टोक एकमेकांच्या जागी बसवून कितीही आवळा, गळणार. रबरी सीलना पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागू देऊ नका, ते फुगतात. ब्रेक ऑइल बंद डब्यातलं, त्याच दिवशी फोडलेलं घ्या. ते हवेतली ओल शोषतं आणि इथल्या हवेत ओल किती असते ते लोणच्याला विचारा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पाइपांतली हवा (एअर) काढायला सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

तपासा: इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबा आणि दाबूनच ठेवा. इंजिन सुरू केल्यावर पेडल पायाखाली किंचित खाली जायला हवं. गेलं नाही तर व्हॅक्यूमचा नळ किंवा त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह पाहा. पेडल धरलेलं असताना हळूहळू खाली जात राहिलं तर कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टर आतून गेला आहे.

## ७. चाकं

थोडक्यात. परकं चाक घेताना भोकांचं वर्तुळ, मधलं भोक, चाक आत-बाहेर किती बसतं आणि नटाची बसायची जागा कोनासारखी की गोल, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे वर्तुळाचं माप.

टायरचा व्यास काढता येतो: १५५/६५ आर १४ म्हणजे १४ इंचांचे ३५५.६ मिमी, अधिक १५५ च्या ६५ टक्क्यांची दुप्पट, एकूण साधारण ५५७ मिमी. जुन्या टायरपेक्षा व्यास कमी झाला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. एकाच ॲक्सलवर रेडियल आणि जुन्या पद्धतीचा टायर मिसळू नका.

चाक उतरलेलंच आहे तर किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस मारा. चाक लावून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बुश बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ८. डायनमो काढून अल्टरनेटर

जुन्या फियाटला (पद्मिनीच्या आधीच्या रूपाला) डायनमो असेल तर मारुतीचा अल्टरनेटर हा सगळ्यात उपयोगी बदल. पावसात वायपर, हेडलाइट आणि ब्लोअर एकत्र चालवायचे तर डायनमो पुरत नाही.

1. आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते पाहा. ते ऋण हवं. काही जुन्या गाड्यांत उलटं असतं आणि उलट जोडलेला अल्टरनेटर क्षणात जळतो.
2. डायनमोचा कटआउट (त्याचं चार्जिंग सांभाळणारा डबा) वायरिंगमधून पूर्ण बाजूला काढा. नव्या अल्टरनेटरचं नियंत्रण त्याच्या आतच असतं.
3. अल्टरनेटर ते बॅटरी १० चौरस मिमीची नवी वायर टाका. जुनी वायर डायनमोच्या करंटसाठी आहे, ती तापेल.
4. चार्जिंगच्या दिव्याची वायर जोडा. इथे फिलामेंटचाच बल्ब हवा. हौसेने एलईडी लावला तर अल्टरनेटर जागाच होत नाही.
5. पुल्या एका रेषेत आल्या का ते सरळ पट्टी लावून पाहा. पट्टा अंगठ्याने दाबला तर साधारण १० मिमी दबायला हवा.

चार्जिंग तपासायला इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून पाहण्याची जुन्या गॅरेजांतली पद्धत आहे. डायनमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरला तसं केलं की त्याचे डायोड जातात. ‘आम्ही तीस वर्षं असंच करतो’ म्हणणाऱ्या मेस्तला नम्रपणे चहा द्या आणि टर्मिनलपासून लांब ठेवा.

तपासा: इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. दिवे लावून बॅटरीचं ऋण टोक आणि बॉडी यांच्यात मीटर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. रंगकामानंतर हे हमखास होतं, कारण रंगाऱ्याने अर्थिंगच्या जागाही रंगवलेल्या असतात. बोल्टाखालचा रंग खरवडा.

हेडलाइटला रिले लावा. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपियर, आणि तो सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो. फ्यूज बॅटरीजवळ हवा. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा तोच फ्यूज गाडी वाचवतो.

## ९. पेट्रोल आणि पाणी

मूळचा यांत्रिक पंप चालत असेल तर तोच ठेवा, फक्त आतला पडदा आणि सगळे रबरी नळ इथेनॉलला चालणारे घ्या. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर मऊ पडून गळतं.

विजेचा पंप लावणारच असाल तर तो कार्ब्युरेटरसाठीचा, २ ते ४ पीएसआय दाबाचा हवा. भंगारात स्वस्त मिळतो तो एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या) गाडीच्या टाकीतला पंप. त्याचा दाब साधारण ३ बार, म्हणजे दहापटीहून जास्त. कार्ब्युरेटरची सुई तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडतं. शिवाय अपघात झाला तर पंप आपोआप बंद होईल असा स्विच बसवा.

मारुतीचा विजेचा रेडिएटर पंखा चांगला चालतो. रिले आणि वेगळा फ्यूज द्या, आणि हवा इंजिनाकडे जाते का ते रेडिएटरसमोर कागद धरून पाहा. कागद चिकटला पाहिजे. उडाला तर वायरी उलट्या आहेत. थर्मोस्टॅट काढून टाकू नका.

## १०. सीट आणि रंग

सीट आत्ता, आधी नाही. परक्या सीटच्या पट्ट्या फ्लोअरला नुसत्या वॉशरवर बोल्ट करू नका. खालून ३ मिमीची प्लेट आणि ८.८ ग्रेडचे बोल्ट. सीट बेल्टच्या टेकूलाही तेच.

रंग जमत असेल तर बूथमध्ये द्या. अंगणात मारायचाच तर कोरड्या महिन्यात, सकाळी दव सुकल्यावर. ओलसर हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो.

## ११. पहिली फेरी

घरासमोरच्या सपाट रस्त्यावर, २० च्या वेगाने, दहा वेळा ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर परत अंगणात. मग ५ किलोमीटर जाऊन या आणि चारही ड्रमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक अडकतोय. बॉनेट उघडून वास घ्या: पेट्रोल, जळकं रबर, गोडसर कूलंट. घाट आणि हायवे अजून नाही.

५० किलोमीटरनंतर चाकांचे नट, बूस्टरचे बोल्ट आणि अल्टरनेटरचा पट्टा पुन्हा पाहा. नवा पट्टा या काळात सैल होतोच. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, आणि या वेळी ब्रेकचे सगळे जोड कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून फडकं उजेडात धरा. प्रत्येक वेळची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, आणि वही घरात नको, डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत.